भिंतीत गेलेली नळी

४ एप्रिल
आज नव्या घरात आलो, आई आणि मी. तिसरा मजला, भरपूर उजेड, आणि आईच्या खोलीत चक्क एसी. रिमोट हातात आल्यावर आई गुडघेदुखीच विसरली. म्हणाली, आता मी फ्रिजमधल्या भाजीसारखी टिकेन.

७ एप्रिल
एसीचं पाणी कुठे बाहेर पडतच नाही. नळी थेट आईच्या पलंगामागच्या भिंतीतल्या भोकात गेलीय. मेकॅनिक म्हणाला, नळीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, नाहीतर पाणी भिंतीत मुरतं. पण भिंत ठणठणीत कोरडी. त्यानं डोकं खाजवलं, नळी ओढून बाल्कनीतल्या बादलीत सोडली आणि भोक सिमेंटनं बुजवलं. संध्याकाळी बादलीत पाणी दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

९ एप्रिल
घरमालकीणबाईंना फोनवर कौतुकानं हे सांगितलं. त्यांनी मला मधेच तोडलं. मग म्हणाल्या, नळी होती तशी लावा, आजच्या आज. कारण विचारलं तर फोन ठेवून दिला. विक्षिप्त बाई.

१२ एप्रिल
सिमेंटचा भुगा पलंगावर पडलाय. भोक पुन्हा उघडं. आईच्या उशाशी झाकून ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा. ती म्हणते, घोटभरही प्यायले नाही. खिडकीतल्या कुंडीतलं टवटवीत हिरवं रोप वाळून गेलंय.

१४ एप्रिल
आईचे ओठ फुटलेत. कितीही प्यायली तरी घसा कोरडाच. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास. माझ्या खोलीत चल म्हटलं तर हट्टाला पेटली. भिंत गार लागते, बरं वाटतं म्हणे. पाठ टेकून बसून असते.

१५ एप्रिल
आईची पाठ भिंतीपासून सुटत नाही. ओढलं तर किंचाळली. मेकॅनिक फोन उचलत नाही. नळी मीच परत भोकात घातली, एसी लावायला गेले तर वीज गेलेली. आता बादल्या भरून ओततेय. भोक गटागटा पितंय. पुरत नाही —

दुपारी
नळ कोरडा पडला.
आई पाचोळ्यासारखी हलकी — पापण्या मिटत नाहीत — माझ्याकडेच बघतेय.
मला हाक मारली. तोंड मिटलेलं आहे तिचं. आवाज भोकातून —

तिला सोडवताना डावा तळवा भिंतीला लागला. निघत नाही. दुखत नाही. गार वाटतंय, बरं —
कुणी राहायला आलात तर नळी काढू नका, भिंतीला पाणी —
पेनातली शाई सुकत चाल