गैरहजर

सोमवार, सकाळी

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत, तुमची खुशाली कळवावी. तुमच्या दादांची तब्येत उत्तम आहे. हे पत्र हातोहात पोचावं म्हणून साहेबांनी स्वतःचा ड्रायव्हर पाठवला, केवढा मनाचा मोठेपणा. ड्रायव्हर इथेच बसले आहेत, चहा घेताहेत. आमच्या छकुलीला हल्ली शाळेत न्यायला-आणायलाही साहेबांचीच गाडी येते. पोरीची पायपीट वाचली.

पत्रास कारण की, तुमच्या दादांच्या ऑफिसातल्या हंगामी कारकुनांच्या निवडीबद्दल तुमच्या सोनीने वरच्या ऑफिसात तक्रार केली आहे. टायपिंगच्या परीक्षेला आपण बसलो होतो आणि यादीत आपल्याला गैरहजर दाखवलंय, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी गर्दी फार होती, तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल. हजेरी तुमच्या दादांनीच घेतली होती. मामाला सख्खी भाची दिसली नसती का? बुधवारी चौकशी आहे. त्याआधी तक्रार मागे घेतली तर सगळ्यांचंच भलं होईल. पुढच्या वर्षी साहेब तिचं नक्की बघतील.

तुमच्यासारखी समजूतदार नणंद मिळाली हे माझं भाग्य.

आपली नम्र,
वहिनी


मंगळवार, दुपारी

वन्सं,

कालचं पत्र वाचून तुम्ही ओळखलंच असेल की वहिनीच्या तोंडात एवढी साखर आपणहून येत नाही. शिरसाष्टांग नमस्कार मी तुम्हाला जन्मात घातलेला नाही. आणि समजूतदार म्हणे. लग्न झाल्यापासून आपण एकमेकींच्या खोड्या काढतोय. ड्रायव्हर माझ्या खांद्यावरून वाचत होता, अडलं तिथे शब्द पुरवत होता. 'मनाचा मोठेपणा' हे शब्द त्याचेच.

आता खरं लिहिते. बस सुटायला थोडा वेळ आहे, अक्षर गिचमिड येईल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "उद्या मी तिचा मामा नाही. तिच्याकडे बघणारसुद्धा नाही, नाहीतर लोक म्हणतील वशिला लावला." तुमचा दादा तुम्हाला ठाऊक आहे, एकदा ठरवलं की ठरवलं. चष्मा मात्र घरीच विसरून गेले. तो द्यायला मी गेले तेव्हा सोनी खिडकीजवळच्या मशीनवर होती, जीभ दातांत धरून टाइप करत होती. तिने पाणी मागितलं तर हे म्हणाले, "उमेदवारांनी बोलू नये." मला हसू आवरेना.

ती पहिली आली, वन्सं. पण यादी साहेबांच्या खोलीत जाऊन आली तेव्हा वरच्या पाच-सहा जणांच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलेलं होतं. त्या जागा साहेबांना आपल्या माणसांसाठी हव्या होत्या. हे म्हणाले, मी सही करणार नाही. साहेब हसले. म्हणाले, "अहो, भाचीला त्या दिवशी ओळखसुद्धा दाखवली नाहीत, अख्ख्या हॉलने पाहिलंय. मग दिसली नाही म्हणायला काय जड जातंय?" आणि मग सहज विचारल्यासारखं, "तुमची मुलगी कितवीत आहे हो?"

दुसऱ्या दिवसापासून गाडी येऊ लागली. आम्ही मागितली नव्हती.

यांनी सही केली. मला राग आला, अजून आहे. पण काल गाडीला शाळेतून यायला फार उशीर झाला. ड्रायव्हर म्हणाला, "छोटीला जरा फिरवून आणलं, नदीचं पाणी दाखवलं." मी भांडायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. माझा. तुमचा तरी विश्वास बसेल का?

हे दोन घास खातात आणि भिंतीकडे बघत बसतात. "उद्या मी काय बोलू, तूच सांग," म्हणतात. खरं बोलले तर नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त काही.

मधल्या सुट्टीत छकुलीला शाळेच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. कंडक्टर ओळखीचा आहे, तो तिला तुमच्या दारापर्यंत सोडेल. पत्र तिच्या दप्तरात आहे. तिला मी सांगितलंय की आत्याकडे चार दिवस मजा करायची. अंधारात ती घाबरते, झोपताना दिवा राहू द्या. मला न्यायला यायला जमलं नाही तर तिथल्याच शाळेत घाला.

सोनीला सांगा, तक्रार मागे घ्यायची नाही. पुढच्या वर्षी म्हणे. तिची वयोमर्यादा यंदा संपते, हे मला कळत नाही का? साक्षीदार कोण असं विचारतील. मामाचं नाव घेऊ नको म्हणावं, ते काय बोलतील ते मलाच माहीत नाही. माझं घे. खिडकीजवळचं मशीन, निळी ओढणी, दातांत धरलेली जीभ, सगळं सांगेन. मी उद्या चौकशीला येतेय. नाहीच आले तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा.

आता शाळा सुटेल आणि गाडी फाटकाशी येईल. तिथे कुणी दिसलं नाही तर लगेच शोधाशोध सुरू होईल, बस फार लांब गेलेली नसेल. म्हणून छकुलीच्या जागी मीच जाऊन उभी राहते.

हजर,
तुमची वहिनी