छातीच्या फोटोतला डाग

प्रिय लिगाया,

मनिलाला सुखरूप पोचलो. भाचीकडे भात-मासळी वेळेवर मिळते. कोंबड्या अंडी देतात ना?

व्हिसासाठी छातीचा फोटो काढला. तू सांगितल्याप्रमाणे आधी पाच शहाळ्यांचं पाणी प्यालो, तरी जुना डाग दिसलाच. डॉक्टरीणबाई हसल्या. "आजोबा, शहाळ्यानं तहान भागते, डाग धुतला जात नाही. क्षय कधी झाला होता?"

मी खरं ते सांगून टाकलं. अमेरिकेतून आपल्या विम्याचा कागद भरताना लेकीनं, लुझनं, विचारलं होतं, "ताताय, जुना आजार काही?" मी ठणकावून नाही म्हणालो होतो. विम्याशिवाय पोरगी आपल्याला नेणार नाही, आणि आता दोन कागद दोन गोष्टी सांगतात. खोटी तीच ठरेल. तिला अजून काही बोलू नकोस.

तीन दिवस सकाळची थुंकी तपासणार, मग निकालाची दोन महिने वाट बघायची. काळजी करू नकोस, मला खोकला फारसा नाही.

निघताना बाईंनी विचारलं, "तेव्हा तुमची सेवा कोणी केली?" मी अभिमानानं तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली लाल रेघ ओढली. तुझीही तपासणी नीट करणार म्हणे.

लिगाया, तू हल्ली पहाटे खोकतेस, ते कधीपासून गं?

तुझाच,
युसेबियो