वहिनीची पिवळी छत्री

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, म्हणजे मी ठणठणीत आणि तुझी आई तिच्या गुडघ्यासकट. दुकान बरं चाललंय. हल्ली लोक वेळ फोनवर बघतात आणि घड्याळ मिरवायला घालतात, पण बंद पडलं की माझ्याकडेच येतात. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोन लावला की ही कान टवकारून शेजारी बसते.

तू लिहितेस ती मालिका आई एक दिवस चुकवत नाही. त्यातली मोठी वहिनी सकाळी रेडिओवर, दुपारी फोनवर मेसेजमध्ये आणि संध्याकाळी टीव्हीवर. सख्खी सून इतकी विचारपूस करणार नाही! तिच्या तोंडी तू आईचीच वाक्यं घालतेस, हे आईनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. 'उपाशी माणसाशी भांडू नये' असं वहिनी म्हणाली, आणि ही नाचायचीच बाकी राहिली. तेव्हापासून वहिनीचा मेसेज म्हणजे तुझाच निरोप. ही रोज तिला मेसेज करून विचारते, 'जेवलीस का?' तिकडून येतं, 'हो काकू, तुम्ही?'

"आईला काकू म्हणते, खट्याळ कुठली!" म्हणून दिवसभर हसते. तू महिनोन्‌महिने फोन करत नाहीस, याची तक्रार तिनं कधीच सोडून दिली आहे.

समोरच्या न्हाव्यानं गंमत म्हणून वहिनीला तेच विचारलं. त्यालाही 'हो काकू, तुम्ही?' असंच आलं. मिशीला पीळ देत सगळ्यांना दाखवत होता. मी हिला सांगितलं नाही.

वहिनीसारखी पिवळी छत्रीही आणली हिनं. गल्लीत घरटी एक आहे. आता निवडणुकीत एका उमेदवाराची निशाणी पिवळी छत्रीच निघाली. योगायोग म्हणावा, तर सोमवारी वहिनीचा मेसेज आला, 'काकू, यंदा मत छत्रीलाच. माझ्यासाठी.'

उमेदवार कोण, ते तुला ठाऊक नसेल. कोपऱ्यावरचा दवाखाना बंद पाडून ज्यानं तिथं गाड्यांचं शोरूम काढलं, तोच. तेव्हापासून गुडघा दाखवायला हिला दोन बस बदलाव्या लागतात. त्याच्या नावानं बोटं मोडायची ही. आता छत्री टेकत, लंगडत, त्याच्यासाठी दारोदार फिरतेय.

"अगं, दवाखाना बंद पाडणारा तो!" मी म्हणालो.

"माहीत आहे मला. पण माझ्या लेकीनं लिहिलंय. ती आईला खड्ड्यात घालेल का?"

मी दुकानात येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

ठकू, मला राग आलाय, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. तू लिहिलं असशील, तर का, ते तिला सांग. वरून कुणी लिहायला लावलं असेल, तर तेही सांग. नोकरीत मान तुकवावी लागते, मला कळतं. पण तिची समजूत मला घालता येत नाही. त्यासाठी न्हाव्याची गोष्ट सांगावी लागेल, आणि मग जिला रोज 'जेवलीस का' विचारता येतं, ती तिची लेक जाईल. ती मी कशी काढून घेऊ?

मतदान तेवीस तारखेला आहे. त्याआधी फोन कर. वहिनीच्या नव्हे, तुझ्या आवाजात. आणि पहिल्याच वाक्यात तिला आई म्हण.

तिच्याइतकीच तुझ्या फोनची वाट पाहणारा,
बाबा