इंजिनखालचा पुठ्ठा

शनिवार संध्याकाळ, पिंप्राळा

पुठ्ठा अजून कोरडा आहे. आत्ताच पुन्हा बघून आले आणि हसू आवरेना.

उद्या मी साक्रीला, माहेरी जाणार. गाडी स्वतः चालवत. आजवर बाजारापलीकडे गेले नाही, तेही शेजारी सासरे असताना. नाना बसल्या जागी पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतात.

सकाळी गॅरेजात मेकॅनिकने विचारलं, साधं ऑइल टाकू की सिंथेटिक? नाना म्हणाले, "जुनी गाडी शे. साधंच टाक." सिंथेटिक पातळ, आणि पातळ ऑइल जुन्या गाडीतून गळतं, हे त्यांचं ठरलेलं. मेकॅनिक म्हणाला, या उन्हात लांब जायचं तर सिंथेटिक बरं, पण सील जुने आहेत, गळणारच नाही असं मी सांगत नाही. मी म्हणाले, सिंथेटिक टाका. नानांसमोर इतकं ठाम कधी बोलले होते मी?

परतताना नाना सारखे मागे वळून रस्त्यावर ऑइल सांडतंय का बघत होते. म्हणून घरी आल्याआल्या इंजिनखाली पुठ्ठा सरकवला. एक थेंब पडला असता तरी उद्याचं जाणं राहिलं असतं. दुपारभर इतकं वाकून बघितलं की शेजारीण विचारायला लागली, काय हरवलं?

मघाशी गेले तर नानाच गुडघे टेकून गाडीखाली बघत होते. मनात म्हटलं, आता हे डाग शोधून काढणार. ते हात झटकत उठले. "पुठ्ठा कोरडा शे. मी बी येस तुनासंगे. मांगे बससू."

मागे म्हणाले. मागच्या सीटवरून ब्रेक कसा दाबणार?