एकेचाळीस फेऱ्यांनंतरची सही

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. प्रयोगशाळेतल्या फिरत्या स्टुलाचे ग्रीस पुसून लिहायला बसलो (साध्या बाकावर).

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा कसा आहे ते सविस्तर कळवावे. मी ठीक आहे, म्हणजे प्रयोगशाळा-सहायकाच्या नोकरीत अजून कायम झालेलो नाही.

शुक्रवारी प्राचार्यसाहेब माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही करायला स्वतः प्रयोगशाळेत आले. तेव्हा भौतिकशास्त्राच्या बाई मुलांना सर्पिल दीर्घिका, म्हणजे वळणदार बाहूंचा ताऱ्यांचा भोवरा, शिकवत होत्या. दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती वायू गरगरतो. अंगात कोनीय संवेग (म्हणजे गरगरण्याचा जोर) असेपर्यंत त्याला आत पडता येत नाही, आणि संवेग नाहीसाही होत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घालावा लागतो. म्हणून मधून वर-खाली झोत सुटतात, ते संवेग घेऊन पळतात आणि उरलेला वायू सुखाने आत पडतो (आमच्या कार्यालयातही कामे अशीच होतात). हे करून दाखवायला बाईंनी साहेबांनाच फिरत्या स्टुलावर बसवले. मी नुकतीच बूच सैल करून प्यायला दिलेली सोड्याची बाटली, दोन्ही हातांत बाईंनी वजने दिल्यामुळे, साहेबांनी गुडघ्यांत धरली. मुलांनी ढकलले. स्टुलाच्या बेअरिंगला मी तिप्पट ग्रीस घातले होते (कायम व्हायचे होते ना). साहेबांनी घाबरून हात छातीशी घेतले, तशी गती दुप्पट झाली.

"हात पसरा, हात!" बाई ओरडल्या.

"पसरले तर पडेन हो बाई!" हे तुकड्यातुकड्याने, कारण साहेबांचे तोंड आमच्याकडे येई तेव्हाच ऐकू येई.

मग बूच उडाले आणि सोड्याचा झोत सरळ छताला लागला. "हाच तो!" म्हणून बाईंनी टाळ्या वाजवल्या.

एकेचाळीस फेऱ्यांनी साहेब थांबले आणि शब्दाला जागून लगेच सही केली: मध्ये गोळा, दोन बाजूंना दोन वळणदार बाहू. हेडक्लार्क म्हणाले, "सही कुठाय? हा तर पंखा काढलाय." महिनाअखेरपर्यंत नीट सही न मिळाल्यास माझी जागा जाते.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (मी कायम नसल्याने तात्पुरते).

तुमचा भाचा

ता. क. साहेबांची चक्कर उतरलेली नाही. विश्रांतीसाठी ते तुमच्या गावी बहिणीकडे आले आहेत आणि सोमवारी तुमच्याच दवाखान्यात येतील. संवेग नाहीसा होत नाही हे वर लिहिलेच आहे, तेव्हा तो साहेबांच्या डोक्यातच असणार. तुम्ही कंपाउंडर, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. डॉक्टर जेवायला गेले की साहेबांना फिरत्या खुर्चीत बसवून उलट्या दिशेने मोजून एकेचाळीस फेऱ्या द्याव्यात आणि सोबतच्या कागदावर सही घ्यावी.

ता. क. २. एकेचाळीस हा आकडा मुलांच्या वहीतला आहे. मी डोळे घट्ट मिटले होते, त्यामुळे साहेब कोणत्या दिशेने फिरले ते मला ठाऊक नाही. कृपया दोन्हीकडून करून पाहावे.