टाय, कुत्रा आणि पुढचे चार दात

तीर्थस्वरूप डंकनमामांस,

टिमारूहून भाची फेनेलाचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामींचे गुलाब यंदाच्या हिमातून वाचले का? तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण तुमचा आवाज गेल्याच महिन्यात डनेडिनला आपल्या दंतवैद्यांच्या वार्षिक जेवणात शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता.

‘व्यावसायिकता’ या विषयावर तुम्ही बोललात. (चीज रोल पार गार होईपर्यंत बोललात, पण ते असो.) दातांना तारा लावणाऱ्या आम्हा मंडळींना व्यावसायिकता म्हणजे नेमकं काय, हे कधी धड सांगता आलं नव्हतं. तुम्ही एकदाचा निकाल लावलात: टाय सरळ हवा, पेशंटच्या कुत्र्याचं नाव पाठ हवं आणि आधीच्या डॉक्टरच्या कामाबद्दल पेशंटसमोर ब्र काढायचा नाही. या शेवटच्या मुद्द्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. साहजिकच आहे; आपण सगळेच कुणाचे ना कुणाचे आधीचे डॉक्टर असतो. मीही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

त्याचं फळ सोमवारी मिळालं. रेलीन टिपेने म्हणून एक बाई दुधाचा टँकर चालवतात, नुकत्याच डनेडिनहून इकडे राहायला आल्यात. त्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी पंधरा वर्षांची, ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवते (ते पुढच्या दातांवर ओठ दाबून फुंकायचं), तोंडात तीन वर्षांपासून तारा. तिने तोंड उघडण्याआधीच मी आपला मंत्र म्हटला, “आधीच्या डॉक्टरांनी काम छान केलंय, आपण जरा पुढे नेऊ.” (न बघता छान म्हणायची सवय मलाही लागली आहे.) मग आरसा लावला. दात प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे सरळ. पण वरचे पुढचे चारही हलत होते. एक्स-रे काढला, तर मुळं झिजून निम्मी राहिलेली. अशी झीज कुणाचा दोष नसतानाही होते, मान्य. पण मधे एखादा एक्स-रे काढला तर ती दिसते आणि तारांचं काम थांबवता येतं. त्यांनी आणलेल्या फाइलीत तीन वर्षांत एकही काढलेला नव्हता.

रेलीनबाई मात्र आधीच्या डॉक्टरांचे गोडवे गात होत्या. “काय देवमाणूस हो! टाय कधी वाकडा नाही. आमच्या कुत्र्याचीसुद्धा नाव घेऊन चौकशी करायचे!” मग माझा चेहरा बघून थांबल्या. “काय झालं? खरं सांगा. का तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांचं झाकता?” मुलीने एवढंच विचारलं, “मला वाजवता येईल ना?”

मामा, मी हातमोजे बदलले. चांगले होते, तरी बदलले. “गुरुवारी या, सविस्तर बोलू,” म्हटलं आणि दोघींना दारापर्यंत हसतमुखाने पोचवलं. तुमच्या भाषणात शोभेल अशी वागले, आणि घरी आल्यावर स्वतःची किळस आली.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची,
फेनेला

ता.क. मामींची मुरांब्याची बरणी माझ्याकडे राहिली आहे. ती न्यायला तुम्हीच या, गुरुवारी सकाळी दहाला. रेलीनबाईही तेव्हाच येतील. त्या तारा तुम्ही लावल्यात आणि एक्स-रे तुम्ही काढला नाहीत, हे त्यांच्यासमोर बसून तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगेन, तुमच्या नावासकट. टाय नसला तरी चालेल.

आणखी एक. कुत्र्याचं नाव तुमच्या लक्षात असेलच. मुलीचं मेरेआना.