वाचता न आलेले अकरा सेकंद

आई, तुझ्या आवाजाची फाईल आज दुपारी उघडली आणि ती मध्येच अडली. बांगड्याच्या आमटीत तिरफळं कधी घालायची ते तू नातीला सांगतेयस, मग माझ्याकडे वळतेस, "आणि तुला गो, एक सांगायचा रवला..." आणि पुढचे अकरा सेकंद नाहीतच. नंतर एकदम तुझं हसू आणि भांडं ठेवल्याचा आवाज. त्यानंतर दोन महिन्यांनी तू गेलीस, मी बंगलोरला होते. डिस्कचंच काम करणाऱ्या तुझ्या लेकीने दुसरी प्रत काढून ठेवली नाही, रत्नागिरीच्या दमट हवेत कपाटात डिस्क तशीच पडू दिली. हस तू खुशाल.

दिवसभर काय बडवत बसतेस, असं विचारायचीस ना? संगणकाच्या पोटात कर्नेल असतं, प्रोग्रामला डिस्कवरचं काही हवं असलं की ते कर्नेलकडे मागावं लागतं. त्या कर्नेलमध्ये, डिस्क वाचता आली नाही तर काय करायचं, तेवढाच भाग मी सांभाळते. आज ते माझ्या डोळ्यांसमोर तुझ्यासाठी राबत होतं. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपतेय, कर्नेल मोठी मागणी मोडून लहान लहान तुकडे मागतंय, म्हणजे खराब जागेच्या आजूबाजूचं चांगलं तरी हाती लागावं. शेवटी ते स्वच्छ सांगतं, वाचता आलं नाही. तिथे शून्यं भरून वेळ मारून नेणं किती सोपं, पण ते तसं करत नाही. इतकी वर्षं हा कोड वाचतेय, तरी आज हात जोडावेसे वाटले.

शेजारच्या काकींचे यजमान बोटीवर होते, त्यांची पत्रं तू वाचून दाखवायचीस. शाई फुटलेली ओळ आली की थांबायचीस, "हय वाचाय येत नाय," म्हणायचीस आणि पुढे जायचीस. एकदा तू घरी नव्हतीस म्हणून मी वाचलं. फुटलेल्या ओळीत मी 'गणपतीला येतो' घातलं, गणपतीला तर सगळेच येतात. काकींनी घर सारवलं, सगळ्या आळीत सांगितलं, तीन दिवस स्टँडवर जाऊन बसल्या. यजमान आले नाहीत. तू मला हाताला धरून त्यांच्या पडवीत उभं केलंस. "वाचाय नाय आला तर नाय आला म्हणायचा. पदरचा घालायचा नाय." मला अजून काकींकडे नीट बघवत नाही.

डिस्क मी संध्याकाळपर्यंत हरतऱ्हेने वाचून पाहिली. अकरा सेकंद आले नाहीत. लेक म्हणाली, हल्ली हुबेहूब आवाजात रिकामी जागा भरून देणारे प्रोग्राम आहेत. मी तिला काकींची गोष्ट सांगितली, चांगली अर्धा तास.

ती बाजारात गेल्यावर मी भरून पाहिलं. वाक्य मीच लिहिलं: "तू नव्हतीस तरी माझा काय अडला नाय." आवाज तुझाच होता, आई. चार वेळा ऐकलं. ती फाईल मी अजून पुसलेली नाही.